रंकाळ्यापासून दाजीपूरपर्यंत: कोल्हापूरचा पाण्याकाठचा उन्हाळा

शिवाजी पेठेतल्या गांधी मैदानावर एप्रिल-मेच्या सुट्टीत सकाळी सहाला गेलात तर एकाच वेळी पाच-सहा क्रिकेटचे डाव चाललेले दिसतात. एका डावाचा फिल्डर दुसऱ्या डावाच्या बॉलरशेजारी उभा असतो, तरी कुठला चेंडू आपला हे प्रत्येकाला बरोबर कळतं. कडेनं वयस्कर मंडळी फेऱ्या मारत असतात, कोपऱ्यात कुणी पोरांना लाठी फिरवायला शिकवत असतं. हेच मैदान जुलैत गुडघाभर पाण्यात जातं. दर पावसाळ्यात त्यावर चर्चा होते, गटारीच्या कामाला नावं ठेवली जातात. पण खरं कारण जमिनीतच आहे. आजचं गांधी मैदान म्हणजे जुना वरुणतीर्थ तलाव. तो बुजवला, त्यावर मैदान झालं. जागा मात्र सखलच राहिली, त्यामुळे आजूबाजूच्या पेठांचं पाणी उताराला लागून इथंच येतं.

जुन्या कोल्हापुरात अशी तळी जागोजागी होती. कपिलतीर्थाच्या जागी आज भाजी मंडई आहे. रावणेश्वर तलावाच्या जागी शाहू स्टेडियम उभं आहे, आणि शेजारचं रावणेश्वराचं देऊळ त्या तलावाची खूण सांगत अजून तिथंच आहे. पद्माळा, खंबाळा ही नावं आता जुन्या माणसांच्या बोलण्यात तेवढी उरली. कोटीतीर्थ, रंकाळा, कळंबा आणि राजाराम तलाव ही त्या मोठ्या कुटुंबातली आज पाणी धरून असलेली मंडळी.

हे सगळं सुरुवातीलाच सांगायचं कारण असं की, कोल्हापूरच्या माणसाचा उन्हाळा आजही या पाण्यावरच चालतो. काही तळी भरलेली आहेत, काही बुजलेली आहेत, काही धरणाच्या रूपात चाळीस-पन्नास किलोमीटरवर आहेत. संध्याकाळचं फिरणं, फुटबॉल, पोहणं, गडावरचे दोन दिवस, जंगलातली एखादी रात्र यातलं काहीही घ्या, त्याच्या तळाशी कुणीतरी कधीतरी अडवलेलं, खणलेलं किंवा साठवलेलं पाणी सापडतं. ते पाणी आपल्या करमणुकीसाठी साठवलेलं नव्हतं. दगड हवा होता, प्यायला पाणी हवं होतं, शेतीला हवं होतं, गडाला वेढ्यात टिकायचं होतं. आपली मौज त्यातून आपोआप मिळाली.

रंकाळ्यापासूनच सुरू करू. पेठेतल्या माणसाला रंकाळा बघायला जावं लागत नाही. उभ्या मारुतीपासून, साकोली कॉर्नरपासून किंवा अर्ध्या शिवाजी पुतळ्यापासून चालायला लागलं की रस्ता आपोआप काठावर पोचतो. मूळची ही दगडाची खाण. अंबाबाईच्या देवळासाठी आणि शहरातल्या इतर बांधकामांसाठी इथून दगड काढला, पुढे भूकंपानं भूगर्भातलं पाणी वर आलं आणि खाण भरली, असं पिढ्यान् पिढ्या सांगत आले आहेत. रंकभैरवाच्या नावावरून रंकाळा. नंतर घाट झाले, टॉवर झाला, आणि पलीकडच्या काठावर १९३१ ते १९३४ या काळात काळ्या दगडातला शालिनी पॅलेस बांधला गेला. तो राजकन्या शालिनीराजे यांच्या नावानं. पुढे १९८७ मध्ये त्याचं हॉटेल झालं. संध्याकाळी चौपाटीवर बसलं की समोरच्या पाण्यात या राजवाड्याच्या मनोऱ्याची सावली पडते, हे दृश्य कोल्हापूरच्या निम्म्या घरांतल्या फोटो अल्बममध्ये असेल.

उन्हाळ्यात रंकाळ्यावर आवर्जून बघावा असा संध्यामठ. पावसाळ्यात पाण्यात उभा असलेला हा दगडी मंडप मे महिन्यात पाणी उतरलं की जोत्यासकट दिसायला लागतो. जवळ जाऊन खांबांकडे नीट बघा. काळ्या दगडावर एकाखाली एक आडव्या फिकट रेघा असतात. पाणी जिथं जिथं काही दिवस थांबलं, तिथं तिथं क्षारांची आणि वाळलेल्या शेवाळाची एक रेघ उमटली. वरची रेघ पावसाळ्याची, मधल्या हिवाळ्याच्या, आणि तळाची ओलसर हिरवी पट्टी कालपरवाची. हात फिरवला तर शेवाळाचा पापुद्रा हाताला लागून निघतो. तलावातल्या पाण्याचा वर्षाचा हिशोब इतक्या उघड्यावर लिहिलेला दुसरीकडे बघायला मिळणार नाही. जवळच्या नंदीची कथाही इथंच ऐकायची. तो रोज कणाकणानं सरकतो आणि ज्या दिवशी रंकाळ्याच्या टॉवरपाशी पोचेल त्या दिवशी प्रलय होईल, असं आज्या नातवंडांना सांगत आल्या आहेत. लहान मुलं घरी जायच्या आधी नंदी कालच्याच जागी आहे ना, हे बघून घेतात.

आता रंकाळ्यावर संध्याकाळी गार का वाटतं, ते बघू. याचं उत्तर दोन वाऱ्यांत आहे. पहिला मोठा. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून थोडं उंच आहे आणि कोकणचा किनारा सरळ रेषेत शंभर किलोमीटरांच्या आत. उन्हाळ्यात दिवसभर जमीन तापते, तिच्यावरची हवा हलकी होऊन वर जाते आणि ती जागा भरायला समुद्रावरची हवा आत घुसते. हा वारा दुपारी कोकण ओलांडतो, सह्याद्री चढतो आणि दिवस कलल्यावर आपल्याकडे पोचतो. त्यामुळे एप्रिलमध्ये दुपारी पारा सदतीस-अडतीसवर असला तरी कोल्हापूरची संध्याकाळ सोलापूरच्या संध्याकाळपेक्षा पुष्कळ सुसह्य असते. हा वारा पश्चिमेचा. शिवाजी पेठ रंकाळ्याच्या पूर्वेला. म्हणजे पेठेत शिरण्याआधी तो वारा पाण्यावरून येतो.

इथं दुसरं कारण जोडलं जातं. सारखाच भार असलेली माती किंवा दगड एका अंशानं तापवायला जेवढी उष्णता लागते, त्याच्या चौपट-पाचपट उष्णता पाण्याला लागते. म्हणून भर दुपारी डांबरी रस्ता पायाला चटका देतो तेव्हा तलावाचं पाणी कोमटसुद्धा झालेलं नसतं. शिवाय पाण्याची वाफ होताना ते आजूबाजूची उष्णता शोषून घेतं. एक लिटर पाणी तीस अंशांवरून उकळीला आणायला जेवढी उष्णता लागते, त्याच्या जवळजवळ आठपट उष्णता त्याच पाण्याची वाफ व्हायला लागते. रंकाळ्याचा विस्तार शंभर हेक्टरांच्या आसपास आहे. शंभर हेक्टरांवरून फक्त एक मिलिमीटर जाडीचा थर उडाला तरी ते दहा लाख लिटर होतात. आपल्या भागात उन्हाळ्यात उघड्या पाण्यावरून दिवसाला पाच-सहा मिलिमीटर सहज उडतात. म्हणजे रोज पन्नास लाख लिटरांहून जास्त पाणी वाफ होऊन जातं आणि तेवढी उष्णता हवेतून घेऊन जातं. कुठल्याही वातानुकूलन यंत्राला हे काम झेपणार नाही.

मात्र याचा लाभ काठापासून काहीशे मीटरांपुरताच. आणि वारा पडला की चित्र उलटं होतं. मे महिन्यात वळवाच्या आधी हवा कोंडते तेव्हा काठावर चिकचिक जास्त जाणवते, कारण पाण्यावरची दमट हवा जागची हलत नाही. रात्री उशिरा तर शहर निवलेलं असतं आणि तलावाचं पाणी अजून ऊब धरून असतं. खरा गारवा हवा असेल तर साडेसहा ते साडेआठ ही वेळ उत्तम.

याच वेळेला चौपाटीवर भेळेच्या आणि कणसांच्या गाड्या लागलेल्या असतात, बर्फाचे गोळे असतात, उसाच्या रसाला घुंगरांचा आवाज असतो. शहरात परतताना गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर थांबणारेही पुष्कळ. म्हैस समोर उभी, गवळी धार काढतो आणि फेसाळ पेला तसाच हातात देतो. बाहेरगावच्या पाहुण्याला हे धारोष्ण दूध पहिल्यांदा पाजताना कोल्हापूरकराच्या चेहऱ्यावर जो आनंद असतो तो बघण्यासारखा. खासबागेकडे गेलात तर भेळ आहेच आणि मैदानही आहे. राजर्षी शाहू महाराज १९०२ च्या युरोप दौऱ्यात रोमचं कलोसियम बघून आले आणि त्या धर्तीवर हे कुस्तीचं मैदान त्यांनी बांधून घेतलं. ते १९१२ साली खुलं झालं. कुठूनही बसा, मधला आखाडा स्पष्ट दिसतो.

पेठेचा उन्हाळा म्हटल्यावर फुटबॉल सोडून चालणार नाही. कोल्हापूरचा हंगाम थंडीत सुरू होतो आणि उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत रंगत जातो. शाहू स्टेडियमवर खंडोबा तालीम, शिवाजी तरुण मंडळ, संध्यामठ हे पेठेतले संघ आणि समोर पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल किंवा प्रॅक्टिस क्लब असला की दुपारी तीनचं ऊन कुणी मोजत नाही. तालमींनी कुस्तीबरोबर फुटबॉल सांभाळला, हे या शहराचं वैशिष्ट्य. देशात फार थोड्या ठिकाणी गल्लीचा संघ आणि गल्लीची तालीम असं एकजीव नातं दिसतं. आणि हे सगळं रावणेश्वर तलावाच्या जागेवर चालतं, हे स्टेडियमवर ओरडणाऱ्या पोरांना कुणीतरी सांगायला हवं.

रंकाळ्याचं दुखणंही उन्हाळ्यातच उघडं पडतं. पाणी उतरतं, तापतं, संथ होतं आणि हिरवं दिसायला लागतं. हा हिरवा रंग अतिसूक्ष्म शैवालांचा आणि नीलहरित जीवाणूंचा. त्यांचं खाद्य म्हणजे नत्र आणि स्फुरद. ते येतं आजूबाजूच्या वस्त्यांतून नाल्यावाटे मिसळणाऱ्या सांडपाण्यातून, साबण आणि धुण्याच्या पावडरीतून, निर्माल्यातून. दिवसा शैवाल प्राणवायू सोडतं, पण रात्री तेही श्वास घेतं आणि पाण्यातला प्राणवायू संपवत आणतं. त्यात गरम पाण्यात मुळातच प्राणवायू कमी विरघळतो. वीस अंशांच्या एका लिटर पाण्यात तो नऊ मिलिग्रॅमांच्या आसपास मावतो, तीस अंशांना साडेसात. म्हणून उन्हाळ्यात मासे मरून काठाला लागतात ते बहुतेक वेळा पहाटे. सांडपाणी आणि केंदाळ, म्हणजे जलपर्णी, या दोन शत्रूंशी शहर बरीच वर्षं झुंजतं आहे. केंदाळ काढणं डोळ्यांना दिसतं, त्यामुळे त्याचा गाजावाजा होतो. खरं काम नाल्याच्या तोंडाशी आहे. नाला वळवून त्यातलं पाणी शुद्ध केल्याशिवाय केंदाळ कितीही काढलं तरी ते परत येणार, कारण त्याचं खत आपणच पुरवतो.

लोकांनी केलेला एक बदल मात्र मनापासून नोंदवावा असा आहे. रंकाळ्याशेजारी इराणी खण आहे. तीही अशीच जुनी दगडाची खाण. अलीकडच्या वर्षांत गणपती विसर्जनासाठी कोल्हापूर या खणीकडे वळलं आणि पंचगंगेवरचा आणि तलावावरचा मोठा भार उतरला. पिढ्यांची सवय बदलणं सोपं नसतं. मंडळांनी आणि घराघरांनी ते केलं.

पोहायला शिकायचं तर पंचगंगा. सुट्टी लागली की पहाटे घाटावर पोरांची रांग लागते. पाठीला पत्र्याचा डबा बांधलेलं पोर, काठावर उभा राहून ओरडणारा काका, पायऱ्यांवरून सूर मारणारी मोठी मुलं आणि मुटका मारून सगळ्यांच्या अंगावर पाणी उडवणारा एखादा. महाराष्ट्रातल्या बहुतेक नद्या मे महिन्यात वाळूचे पट्टे होतात, मग पंचगंगेत पोहण्याजोगं पाणी राहतं कसं?

याचं उत्तर पाटबंधाऱ्याच्या एका साध्या युक्तीत आहे, जी राज्यभर कोल्हापूर पद्धतीचा बंधारा म्हणून ओळखली जाते. नदीपात्रात ठरावीक अंतरावर दगडी खांब उभे करायचे. खांबांना उभ्या खाचा ठेवायच्या, एकापुढे एक अशा दोन ओळींच्या. पावसाळ्यात खांबांच्या मधून पूर मोकळा वाहू द्यायचा. पावसाळा सरला की त्या खाचांत आडव्या फळ्या, म्हणजे बरगे, एकावर एक बसवायचे आणि दोन ओळींमधल्या फटीत माती ठासून भरायची. झाली भिंत तयार. मागं पाणी तुंबतं, दोन्ही काठांच्या शेतांना उपसा मिळतो. जूनच्या तोंडावर बरगे काढून घ्यायचे, म्हणजे पुराला अडसर नाही आणि गाळही साचत नाही. पुढे लाकडी बरग्यांच्या जागी लोखंडी आले. पद्धत तीच राहिली. अशा बंधाऱ्यांची माळ पंचगंगेवर आणि तिला मिळणाऱ्या कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या नद्यांवर आहे. ठरलेल्या वेळी धरणातून पाणी सोडलं जातं आणि ते एकामागून एक बंधारे भरत खाली येतं. घाटावर मे महिन्यात छातीभर पाणी असतं ते या व्यवस्थेमुळे. पोरांना पोहायला शिकवताना हेही शिकवावं की बंधाऱ्याच्या अगदी जवळ, बरग्यांच्या तोंडाशी, कधी उतरायचं नाही. फटींतून पाण्याची ओढ असते, वरून ती दिसत नाही, आणि पट्टीचा पोहणाराही तिथं अडकतो.

हे पाणी जिथून निघतं तिकडं, राधानगरीकडं, आता जाऊ. शहरापासून साधारण पन्नास किलोमीटर. भोगावतीच्या काठानं रस्ता जातो. दोन्हीकडं ऊस, मग हळूहळू डोंगर जवळ येतात आणि हवा बदलते. शाहू महाराजांनी १९०८ मध्ये हे गाव वसवलं आणि आपल्या कन्येचं, राधाबाईंचं, नाव त्याला दिलं. लगोलग धरणाचं काम सुरू झालं. संस्थानाच्या ऐपतीच्या मानानं ते फार मोठं धाडस होतं. १९१८ च्या सुमारास काम अर्ध्यावर थांबलं. महाराज ६ मे १९२२ रोजी गेले, पुरं झालेलं धरण त्यांना बघायला मिळालं नाही. ते स्वातंत्र्यानंतर, १९५० च्या दशकात पूर्ण झालं. आज त्याची साठवण ८.३६ टीएमसी आहे. पाण्याच्या दाबानं आपोआप उघडणारे त्याचे सात दरवाजे पावसाळ्यात बातमीचा विषय होतात. पण उन्हाळ्यात बघण्यासारखं वेगळंच काही आहे.

लक्ष्मी तलावात, म्हणजे या धरणाच्या जलाशयात, मधल्या उंचवट्यावर शाहू महाराजांनी बांधलेला एक छोटा बंगला आहे, बेनझीर व्हिला. पावसाळ्यात पाणी त्याला चारी बाजूंनी वेढतं. मे महिन्यात जलाशय खाली गेला की तो उंचवटा आणि त्यावरच्या पडक्या भिंती उघड्या होतात. जंगलाच्या कुशीत, पाण्याच्या मधोमध, चार दिवस निवांत राहावं ही हौस राजालाही होती. छप्पर गेलं, भिंती खचल्या. कोल्हापूरनं आपल्या राजाच्या या बंगल्याकडे इतकी वर्षं लक्ष दिलं नाही, याचं मला फार वाईट वाटतं. निदान उरलेल्या भिंती सावराव्यात.

राधानगरीच्या पुढं दाजीपूर. संस्थानी काळात हे शिकारीचं राखीव रान होतं. १९५८ मध्ये ते गव्यांसाठी अभयारण्य झालं आणि ते महाराष्ट्रातलं पहिलं. आज राधानगरी अभयारण्याचा विस्तार ३५१ चौरस किलोमीटर आहे आणि २०१२ पासून ते पश्चिम घाटाच्या जागतिक वारशाचा भाग आहे. उन्हाळ्यात इथं जायचं एक खास कारण म्हणजे पाणवठे. ओढे आटतात, जनावरं ठरावीक पाण्यावर येतात आणि पानगळीमुळे झाडीतून लांबवर दिसतं. वनखातं वैशाखातल्या बुद्ध पौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसून पाणवठ्यावरच्या प्राण्यांची मोजदाद करतं ते याचसाठी. चंद्राच्या उजेडात दिवा न लावता बघता येतं. सावराई सड्यावर पहाटे गवे चरताना दिसतात. नर गवा अंगानं काळाभोर, पायाला गुडघ्यापर्यंत पांढरे मोजे घातल्यासारखा, आणि वजन आठशे-नऊशे किलोच्या घरात. त्याला मराठीत सर्रास रानरेडा म्हणतात, पण रेड्यापेक्षा त्याचं नातं गाईबैलांशी जवळचं.

सडा म्हणजे जांभ्या दगडाचं सपाट पठार. जांभा सच्छिद्र असतो. पावसाळ्यात तो पाणी पोटात घेतो आणि खालच्या काळ्या कातळाशी अडलेलं ते पाणी उतारावर झऱ्यांच्या रूपानं महिनोन् महिने पाझरत राहतं. मे महिन्यात सड्यावर पाय भाजतात आणि दहा मिनिटं खाली उतरलं की दाट सावलीत गार झरा भेटतो, तो याच रचनेमुळे. भोगावती उन्हाळ्यात पुरते ती फक्त धरणामुळे असं नव्हे, या सड्यांचाही त्यात वाटा आहे. सड्यावर खाणी काढल्या तर त्याचा फटका खालच्या झऱ्यांना बसतो, हे साधं गणित सगळ्यांनी ध्यानात ठेवावं.

आणि काजवे. मे महिन्याच्या मध्यापासून जूनच्या पहिल्या पावसापर्यंत राधानगरी-दाजीपूरच्या रानात जे दिसतं, ते बघितल्याशिवाय त्याची कल्पना येत नाही. हिरडा, बेहडा, जांभूळ, ऐन अशा झाडांवर हजारो काजवे बसतात. आधी एकेक लुकलुकतो. मग एका फांदीवरचे सगळे एका तालात येतात, तो ताल शेजारच्या फांदीला लागतो आणि पाहता पाहता अख्खं झाड एकदम उजळतं, एकदम विझतं. पुन्हा उजळतं. हा उजेड ल्युसिफेरिन नावाच्या द्रव्याचा प्राणवायूशी संयोग होऊन पडतो आणि त्यात उष्णता जवळपास निघतच नाही. चमकणारे बहुतेक नर असतात, माद्या त्यांना मंद प्रकाशानं उत्तर देतात. काजव्याचं आयुष्य बहुतांश अळीच्या रूपात, ओल्या पालापाचोळ्यात, गोगलगायी खात जातं. पंख फुटल्यावर हातात उरतात ते दोन-तीन आठवडे. तेवढ्यात जोडी जमली पाहिजे, अंडी घातली गेली पाहिजेत. त्या आठवड्यांत आपण गाडीचे हेडलाइट झाडावर रोखले, मोबाईलचे फ्लॅश मारले, तर नर-मादीला एकमेकांचे इशारे दिसत नाहीत आणि त्या रात्रीची जुळणी वाया जाते. काजवे बघायला येणाऱ्यांची गर्दी दरवर्षी वाढते आहे. गावातल्या तरुणांना त्यातून रोजगार मिळतो, घरगुती मुक्काम आणि तांदळाच्या भाकरीचं जेवण यांना मागणी आली, हे चांगलंच झालं. तेच तरुण पाहुण्यांना दिवे बंद करायला सांगतात तेव्हा राग धरू नये.

पन्हाळा त्या मानानं सगळ्यांच्या माहितीचा. शहरापासून वीस किलोमीटर, सकाळी जाऊन संध्याकाळी परत. शिलाहार राजा दुसऱ्या भोजानं बाराव्या शतकाच्या अखेरीस बांधलेला हा गड. सिद्दी जौहरचा वेढा फोडून शिवाजी महाराज १६६० च्या जुलैमध्ये विशाळगडाकडे निघाले ते इथूनच. ११ जुलै २०२५ रोजी मराठ्यांच्या इतर अकरा किल्ल्यांबरोबर पन्हाळ्याचंही नाव जागतिक वारसा यादीत गेलं. गडावर आजही वस्ती आहे, शाळा आहेत, नगरपरिषद आहे आणि सुट्टीत येऊन राहणाऱ्यांचे बंगले आहेत. लता मंगेशकर यांचाही बंगला इथं होता.

पन्हाळ्याला आपण थंड हवेचं ठिकाण म्हणतो. गडाची उंची ८४५ मीटर, म्हणजे कोल्हापूरहून पावणेतीनशे-तीनशे मीटर जास्त. उंचीप्रमाणे हवा निवते त्याचा हिशोब केला तर एवढ्यानं फरक पडतो दोन, फार तर तीन अंशांचा. मग तिथं पोचल्यावर एवढं बरं का वाटतं? वारा. समुद्राकडून येणारी हवा गडाच्या कड्यावर आधी पोचते, घरांच्या गर्दीत ती अडत नाही. दुसरं म्हणजे झाडी. तबक उद्यानाच्या बाजूची सावली थर्मामीटर दाखवतो त्याहून जास्त सुख देते, कारण अंगावरचं ऊनच थांबतं. पुढच्या काळात पन्हाळ्यावर बांधकाम वाढलं आणि झाडं कमी झाली, तर उंची तेवढीच राहूनही गारवा जाईल.

भर दुपारी गडावर असाल तर अंधारबावीत उतरा. तीन मजली दगडी विहीर, तळाला पाणी, मधल्या मजल्यावर राहायची आणि पहाऱ्याची सोय. बाहेर दगड तापलेला असताना आत शिरल्याबरोबर कानामागून गार हवा जाते. जमिनीत काही मीटर खाली तापमान वर्षाच्या सरासरीजवळ, आपल्याकडे पंचवीस अंशांच्या आसपास, स्थिर असतं. जाड भिंती बाहेरची उष्णता आत यायला इतका वेळ लावतात की तोवर रात्र होते. अंबरखान्याच्या गंगा, यमुना, सरस्वती या कोठारांतही हाच अनुभव येतो. धान्य टिकावं म्हणून ती तशी बांधली. नागझरीला तर ऐन वैशाखातही पाणी असतं, तेही जांभ्याच्याच कृपेनं. वेढ्यात चार-साडेचार महिने काढणाऱ्या गडाला पाणी किती मोलाचं होतं, हे तिथं उभं राहिल्यावर समजतं.

तीन दरवाजापाशी आजूबाजूच्या वाड्यांतल्या बायका रानमेवा घेऊन बसलेल्या असतात. एप्रिलमध्ये तोरणं, मग करवंदं, मेमध्ये आळू, शेवटी जांभळं. घासाघीस करू नका. ती टोपलीभर करवंदं काट्यांतून, उन्हातून, कित्येक तास फिरून वेचलेली असतात. पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही इथंच खावं. वेळ असेल तर मसाई पठारही करावं, पण ते पहाटेच. नऊनंतर तिथं सावलीचा एक कण नसतो.

चैत्र पौर्णिमेच्या सुमारास निघणार असाल तर जोतिबाची यात्रा लक्षात ठेवा. सासनकाठ्या घेऊन लाखोंची गर्दी वाडी रत्नागिरीच्या डोंगरावर असते आणि पन्हाळ्याकडचे रस्ते भरलेले असतात. दुसऱ्या दिवशी शहरात अंबाबाईचा रथोत्सव असतो, तो चुकवू नये.

या उन्हाळ्यात बेत आखताना एवढं करा. रंकाळ्यावर जाल तेव्हा निर्माल्याची पिशवी घरीच ठेवा, ते झाडांच्या बुंध्याला खत म्हणून घाला. घाटावर मूल पोहायला पाठवाल तेव्हा पोहता येणारं मोठं माणूस बरोबर असू द्या. दाजीपूरला जायचं तर मे संपायच्या आत जा, कारण पावसाळ्यात अभयारण्य बंद असतं. आणि काजव्यांसाठी निघाल तर अमावास्येच्या आसपासची रात्र निवडा, गाडी लांब लावा, टॉर्चला लाल कागद गुंडाळा आणि डोळे अंधाराला सरावेपर्यंत वीस मिनिटं शांत उभे राहा.